गाथेचे विभाजन : संगणकीय आज्ञावली आणि अभंगाच्या सीमेचा प्रश्न

तुकारामांच्या गाथेच्या अभ्यासात अभंग हे एकक असते. संपूर्ण गाथा एकाच संगणकीय फाइलमध्ये असल्यास अभंगांची तुलना, वर्गीकरण वा शब्दगणना करणे अवघड जाते. म्हणून प्रत्येक अभंगाची स्वतंत्र फाइल करणे ही पहिली पायरी ठरते. छोटी आज्ञावली हे काम काही क्षणांत उरकते. मात्र अभंग कोठे संपतो, हे तिला अभ्यासकानेच सांगावे लागते. हा निर्णय तांत्रिक नसून संहिताचिकित्सेचा आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

सीमेची तीन गमके संभवतात. पहिले दुहेरी दंडाचे. परंतु ते प्रत्येक कडव्याच्या अखेरीस येत असल्याने त्यावरून अभंगाचेच तुकडे होतात. दुसरे नाममुद्रेचे. 'तुका म्हणे' ही मुद्रा बहुधा शेवटच्या कडव्यात येते. तथापि गाथेत तुकारामांचे बंधू कान्होबा यांचे 'तुकयाबंधु' या मुद्रेचे अभंगही आहेत. केवळ पहिल्या मुद्रेवर विसंबल्यास असे अभंग पुढील अभंगाला जोडले जाऊन तुकारामांच्या नावावर जमा होतील. तिसरे गमक अभंगक्रमांकाचे. ते सर्वांत विश्वसनीय असले, तरी छापील प्रतीवरून उतरलेल्या संहितेत पृष्ठांकही स्वतंत्र ओळीवर येतात. यास्तव मागील क्रमांकाहून नेमका एकाने अधिक असलेला अंकच सीमा मानावा. क्रम तुटल्यास आज्ञावलीने स्वतः तर्क न करता थांबावे व ती जागा दाखवावी.

प्रकरणशीर्षकांचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. एखाद्या गटाचे शीर्षक त्यातील पहिल्या अभंगाच्या क्रमांकाआधी येते. 'पुढील क्रमांकापर्यंतचा सर्व मजकूर मागील अभंगाचा' असा नियम केल्यास ते शीर्षक आधीच्या अभंगाचे शेपूट बनते. शीर्षके वेगळी ओळखून त्या गटातील प्रत्येक फाइलच्या आरंभी नोंदविणे इष्ट. अन्यथा सुटा झालेला अभंग आपला संदर्भ गमावतो.

फाइलच्या नावात आवृत्तीचा संकेत व चार अंकी क्रमांक (०००१, ०००२) असावा. त्यामुळे गाथेचा क्रम टिकतो. आवृत्तीपरत्वे अभंगांची संख्या व अनुक्रम बदलत असल्याने नुसता क्रमांक निर्देशास पुरत नाही.

अखेरीस सर्व फाइली पुन्हा जोडून, नव्याने घातलेल्या नोंदी वगळून, मूळ संहितेशी अक्षरशः ताडून पाहाव्यात. या पडताळणीने गळालेला मजकूर सापडतो. चुकलेली सीमा मात्र सापडत नाही, कारण चुकीच्या जागी कापलेले तुकडेही जोडल्यावर बिनचूक जुळतात. म्हणून अतिदीर्घ व अतिलघु फाइली, तसेच एकाहून अधिक मुद्रा असलेल्या फाइली वेगळ्या काढून डोळ्यांनी वाचणे अगत्याचे आहे. पुढील प्रत्येक गणना याच सीमांवर उभी राहते. यास्तव विभाजनाचे नियम निष्कर्षांसोबत प्रसिद्ध करणे हे, पाठभेद नोंदविण्याइतकेच, संपादकाचे कर्तव्य ठरते.