घटक ६ : संशोधन अहवालाची रचना व लेखन

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• अहवालाच्या विविध भागांचे कार्य सांगता येईल.
• निरीक्षण, अनुमान व मूल्यनिर्णय यांतील भेद ओळखता येईल.
• छोट्या भाषिक प्रकल्पाच्या अहवालाची मांडणी करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, निबंधात लेखकाचे मत वाचकाला पटावे, एवढी अपेक्षा असते. संशोधन अहवालात ते मत कशाच्या आधारे बनले, हे वाचकाला तपासता यावे लागते. अहवालाची सारी रचना या एका गरजेतून आलेली आहे.

जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. या सर्वेक्षणासाठी बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दाखल्याची त्या त्या बोलीतील भाषांतरे स्थानिक सरकारी अधिकाऱ्यांच्या मदतीने जमवण्यात आली. भाषांतर म्हणजे सहज बोलणे नव्हे, ही त्याची मर्यादा आज आपण दाखवू शकतो. कारण सामग्री कशी मिळवली हे सर्वेक्षणातच सांगितलेले आहे. म्हणूनच शतकानंतरही अभ्यासकाला ते जपून वापरता येते.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ संशोधनप्रश्न

‘वऱ्हाडी बोलीचा अभ्यास’ हे क्षेत्र झाले, प्रश्न नव्हे. वऱ्हाडीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी अनेकदा ‘य’ येतो : डोळा–डोया, काळा–काया. यावरून प्रश्न असा बांधता येईल : ‘एका गावातील साठीपुढील व शाळकरी वयाच्या भाषकांच्या बोलण्यात या शब्दांत “ळ” आणि “य” यांचे प्रमाण काय आढळते?’ नोकरी आणि घर सांभाळून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला इतका मर्यादित प्रश्न झेपतो. पहिल्या प्रकरणात हा प्रश्न, त्याची निवड आणि पूर्वसंशोधनाचा आढावा द्यावा.

६.३.२ अभ्यासपद्धती

भाषक किती, कोणत्या वयाचे, नोंदी कोठे, केव्हा व कशा घेतल्या, हे या प्रकरणात सांगावे. छापील शब्द वाचायला दिल्यास समोरच्या अक्षरामुळे ‘ळ’ अधिक उच्चारला जाण्याची शक्यता असते. चित्र दाखवून विचारल्यास किंवा गप्पांच्या ओघात वेगळा उच्चार मिळू शकतो. आपण कोणती पद्धत वापरली हे न सांगितल्यास पुढील आकडे निरर्थक ठरतात. भाषक आपले नातेवाईक वा शेजारी असतील, तर तेही नमूद करावे. त्यांची संमती घ्यावी आणि नावांऐवजी भा-१, भा-२ असे संकेत वापरावेत.

६.३.३ सामग्री व विश्लेषण

समजा, दोन्ही वयोगटांतील प्रत्येकी ६ भाषकांकडून १० शब्दांच्या नोंदी घेतल्या. ज्येष्ठांच्या ६० नोंदींपैकी ५४, तर मुलांच्या ६० पैकी २४ नोंदींत ‘य’ मिळाला. आता पुढील विधाने पाहा :

(अ) ज्येष्ठांच्या नोंदींत ‘य’चे प्रमाण मुलांपेक्षा अधिक आहे.
(आ) हा फरक शालेय शिक्षणामुळे पडला असावा.
(इ) वऱ्हाडी बोली लोप पावत आहे.
(ई) ज्येष्ठांचे उच्चार अशुद्ध आहेत.

‘अ’ हे निरीक्षण आहे. ‘आ’ हे अनुमान आहे. ‘असावा’ हे क्रियापद त्याची अनिश्चितता प्रामाणिकपणे दाखवते. ‘इ’साठी १२ भाषक व एकच ध्वनी हा आधार अपुरा आहे. ‘ई’ हा मूल्यनिर्णय आहे. ‘ळ’च्या जागी ‘य’ येणे ही त्या बोलीची रीत आहे, चूक नव्हे. आपला वेळ आणि आपली भाषा विश्वासाने देणाऱ्या माणसाला अहवालात अशुद्ध ठरवणे हे शास्त्रदृष्ट्या चुकीचे आणि त्याच्यावर अन्यायकारक आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशीच एखादी बोली बोलली जाते. तिच्याबद्दल संकोच बाळगू नये. बाहेरच्या अभ्यासकाला सहज न मिळणारी सामग्री आपल्या अंगणात आहे.

६.३.४ निष्कर्ष व लेखनक्रम

निष्कर्षात नवी माहिती आणू नये. आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर द्यावे आणि अभ्यासाच्या मर्यादा सांगाव्यात. मर्यादा सांगितल्याने अहवाल दुबळा होत नाही, त्याच्या विधानांना नेमका आवाका मिळतो. वाचनाचा क्रम हाच लेखनाचा क्रम असावा असे नाही. तपशील ताजे असताना अभ्यासपद्धती लिहावी, मग विश्लेषण व निष्कर्ष. प्रस्तावना शेवटी लिहिणे सोयीचे ठरते.

६.४ सारांश

प्रश्न, पद्धती, सामग्री, विश्लेषण आणि निष्कर्ष हे अहवालाचे मुख्य भाग होत. काय आढळले आणि आपल्याला काय वाटते, यांतील सीमारेषा स्पष्ट राखणे हे अहवाललेखनाचे मुख्य पथ्य आहे.

६.५ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. वरील उदाहरणातील विधान (आ) तपासण्यासाठी आणखी कोणत्या भाषकांच्या नोंदी घ्याव्या लागतील? कारणे द्या.
२. आपल्या परिसरातील बोलीचे एक वैशिष्ट्य निवडून त्यावर मर्यादित संशोधनप्रश्न तयार करा व त्यासाठीची अभ्यासपद्धती दहा ओळींत लिहा.