फुलाचा जवळून फोटो कसा काढावा?

फुले सर्वांना आवडतात. आपण फूल तोडतो, देवाला वाहतो, केसात माळतो. पण फुलाच्या आत काय काय असते ते कोणी नीट बघत नाही. जवळून फोटो काढला की फूल मोठे दिसते आणि तोडावेही लागत नाही.

माझा मामा मुंबईला बोरिवलीत राहतो. त्याच्या इमारतीच्या मागे छोटी बाग आहे. ती जुनी इमारत पाडून नवी बांधणार आहेत. मग बाग राहणार नाही. म्हणून मामी तिथल्या प्रत्येक फुलाचा फोटो काढून ठेवते. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला पण शिकवले. फोन साधाच होता. ती माहिती खाली देत आहे.

१) आधी फोनची काच मऊ सुती कापडाने पुसावी. बोटाचा डाग असला तर फोटो धुरकट येतो.

२) सकाळी काढावा. दुपारच्या कडक उन्हात फूल नुसते भडक दिसते, पाकळीवरच्या शिरा दिसत नाहीत. ढगाळ दिवस पण चांगला.

३) फोन फुलाला अगदी चिकटवू नये. फार जवळ नेला की सगळे पुसट होते. थोडे थोडे मागे यावे. फूल स्पष्ट दिसले की थांबावे आणि पडद्यावर फुलावर बोट टेकवावे.

४) जवळच्या फोटोत एकच भाग स्पष्ट येतो, त्याच्या पुढचा-मागचा पुसट होतो. म्हणून काय दाखवायचे ते आधी ठरवावे. जास्वंदाची दांडी लांब असते, ती बाजूने घ्यावी. मग ती टोकापर्यंत स्पष्ट येते.

५) वारा थांबेपर्यंत वाट बघावी. कोपर गुडघ्यावर टेकवले की हात हलत नाही. मामी म्हणाली, "अगं, घाई केलीस की फूल हललंच म्हणून समज!"

आता फोटोत काय दिसले ते सांगते. जास्वंदाला पाच पाकळ्या असतात. मधल्या दांडीवर पिवळे परागकण असतात आणि टोकाला पाच छोटे लाल गोंडे. झेंडूचे एक फूल म्हणजे खरे तर पुष्कळ लहान फुलांचा गुच्छ असतो. बोगनवेलीची तर गंमतच आहे. आपण ज्याला पाकळ्या म्हणतो ती रंगीत पाने असतात. खरी फुले आत असतात, बारीक आणि पांढरट. मी रोज बोगनवेल बघते, पण हे मला माहीतच नव्हते.

मामीने मला कारवीचे फोटो पण दाखवले. बोरिवलीला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. ते १०० चौरस किलोमीटरपेक्षा मोठे आहे. तिथे कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. फुले जांभळी-निळी असतात. फुलून बी तयार झाले की झाड मरते, मग त्या बियांपासून नवी रोपे येतात. आपल्याकडे कुडाच्या भिंतीला कारवीच्या काठ्या लावतात, तीच ही कारवी. आता ती २०३२ च्या सुमारास फुलेल. तोपर्यंत फोटोतच बघायची. उद्यानात फुले तोडायला बंदी आहे.

फोटोने फूल आठवते, पण झाड वाचत नाही. जास्वंद फांदीपासून येते. म्हणून मामीने पेन्सिलीएवढ्या जाड दोन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. त्या आम्ही शाळेच्या कुंपणाजवळ लावल्या आहेत. एक वाळली. दुसरीला पाने फुटली आहेत.

जास्वंदाचे फूल बहुतेक एकच दिवस टिकते. म्हणून मित्रमैत्रिणींनो, पहिले फूल कोणी तोडू नका. आधी सगळे मिळून बघू या. मग गुरुजींच्या फोनवर जवळून फोटो काढू आणि मामीला पाठवू.

– इयत्ता चौथी