कष्टाचे चीज

प्रस्तावना

एखाद्याचे श्रम सार्थकी लागले की आपण 'कष्टाचे चीज झाले' असे म्हणतो. या वाक्प्रचारातील 'चीज' हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा मूळ अर्थ 'वस्तू' असा आहे. दुधापासून बनणारे 'चीज' मात्र इंग्रजीतून मराठीत आले. दोन्ही शब्दांची कुळे वेगळी आहेत. तरीही इटलीतील 'पार्मिजानो रेज्जानो' या चीजची कथा वाचताना हे दोन अर्थ एकमेकांजवळ आलेले तुम्हांला दिसतील.

पाठ

दूध हा नाशवंत पदार्थ. ते टिकवण्यासाठी भारतात दही, तूप, खवा असे पदार्थ निर्माण झाले, तर युरोपात चीज. उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात मध्ययुगीन मठांतील साधूंनी दीर्घकाळ टिकणारे, चाकाच्या आकाराचे मोठे चीज तयार केले. चौदाव्या शतकात बोकाचिओ या लेखकाने 'डेकॅमेरॉन' या ग्रंथात किसलेल्या पार्मिजानोच्या डोंगराचे वर्णन केले आहे.

या चीजची कृती आजही फारशी बदललेली नाही. संध्याकाळचे दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढतात. त्यात सकाळचे ताजे दूध मिसळून ते तांब्याच्या हंड्यांत ओततात. आदल्या दिवशीच्या निवळीचे विरजण आणि वासराच्या जठरातून मिळणारे रेनेट घातले, की थोड्याच वेळात दूध घट्ट होते. ते मोडून त्याचे बारीक कण करतात व सुमारे 55 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तळाशी जमलेला गोळा कापडात उचलून साच्यात भरतात. पुढे काही आठवडे तो मिठाच्या पाण्यात राहतो आणि मग लाकडी फळ्यांवर मुरत पडतो. सुमारे 550 लिटर दुधापासून साधारण 40 किलोचे एक चाक तयार होते.

किमान 12 महिने उलटल्यावर पारखी येतो. मडके घेताना आपण ते वाजवून पाहतो, तसा तो लहान हातोडीने चाक ठोकून आवाज ऐकतो. आत भेग वा पोकळी असल्यास आवाज बदलतो. परीक्षेत उतरलेल्या चाकावर तापलेल्या शिक्क्याने खूण उमटवली जाते.

अशा चाकांत उत्पादकांचे भांडवल गुंतलेले असते. तेथील एक बँक तर ही चाके तारण म्हणून ठेवून घेते. मे 2012 मध्ये एमिलिया प्रदेशात भूकंप झाले. माणसे मृत्युमुखी पडली. कोठारांतील उंच मांडण्या कोसळून लाखो चाकांची हानी झाली. फुटलेले चीज पुढे मुरवता येत नाही. त्यामुळे ते लवकर विकणे भाग होते. तेव्हा मोडेना शहरातील मास्सिमो बोत्तुरा या बल्लवाचार्याने पार्मिजानो घालून करायच्या भाताची एक सोपी कृती लोकांपुढे ठेवली. 27 ऑक्टोबर 2012 रोजी अनेक देशांतील लोकांनी आपापल्या घरी तो भात शिजवला. संकटातील उत्पादकांना ग्राहकांनी दिलेला हा हात होता.

या कष्टांत भारतीयांचाही वाटा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पंजाबमधील अनेक कुटुंबे पो नदीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. त्यांतील कित्येकजण गोठ्यांत पहाटे उठून गाईंची निगा राखतात व धारा काढतात. याच भागातील नोवेल्लारा गावात 2000 साली गुरुद्वारा उभा राहिला.

हे चीज खाण्याचीही एक रीत आहे. शीतकपाटातून काढल्यावर ते थोडा वेळ बाहेर ठेवावे, म्हणजे त्याचा गंध खुलतो. त्याच्या पातळ चकत्या न कापता बोथट, आखूड सुरीने तुकडे फोडावेत. त्यामुळे त्याचा रवाळपणा टिकतो. वर्षभर मुरलेले चीज सौम्य व दुधाळ लागते. दोन वर्षांहून जुने झाले की ते खमंग होते. त्यातील पांढरे कण मिठाचे नसून टायरोसिन या अमिनो आम्लाचे असतात. नासपती, अक्रोड वा मध यांच्याबरोबर ते रुचकर लागते. उरलेली कडक साल स्वच्छ करून सूपमध्ये उकळतात. काहीही वाया जात नाही. मात्र रेनेट प्राणिजन्य असल्याने काटेकोर शाकाहारी व्यक्तींनी हे ध्यानात ठेवावे. आंबट घालून दूध फाडून केलेल्या पनीरमध्ये रेनेट नसते.

शब्दार्थ

नाशवंत – लवकर खराब होणारे
निवळी – दूध फाटल्यावर वेगळे होणारे पाणी
तारण – कर्जासाठी हमी म्हणून ठेवलेली वस्तू
बल्लवाचार्य – पाककलेत निपुण व्यक्ती

पाठगत प्रश्न

1. पारखी चाकावर हातोडीने का ठोकतो?
2. भूकंपानंतर फुटलेले चीज लवकर विकणे का आवश्यक होते?
3. 'चीज होणे' हा वाक्प्रचार वापरून तुमच्या परिचयातील एका कष्टकरी व्यक्तीविषयी पाच वाक्ये लिहा.
4. तुमच्या भागात दूध टिकवण्यासाठी कोणते पदार्थ करतात? त्यांपैकी एकाची कृती लिहा.