मोटरसायकलची चेन: कुठली विकायची आणि दुकानात कुठली ठेवायची?

गॅरेज आणि स्पेअर पार्टच्या धंद्यावरच्या व्हिडिओत चेनचा भाग मी घाईत उरकला होता. तो इथे नीट लिहितोय, कारण नवीन दुकानदाराचे पैसे इथे अडकतात आणि नावही इथेच जातं.

उदाहरण म्हणून टोकावडे घेऊ. कल्याण-मुरबाड रस्ता इथून पुढे माळशेज घाटाकडे जातो. समजा, नाक्यावर तुमचं छोटं गॅरेज आहे आणि पुढच्या खोलीत पार्टचं दुकान. माल घ्यायच्या आधी एक काम करा. सकाळी कामाच्या वेळी वही घेऊन रस्त्याला एक तास उभे राहा आणि कुठल्या गाड्या जातात ते लिहा. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला जाणारे, दुधाचे कॅन लावलेले, मागे भाताचं पोतं बांधलेले. यांच्यात शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्याच जास्त दिसतील. मोठ्या गाड्या पावसाळ्यात शनिवार-रविवारी येतात, माळशेजला जाणाऱ्या पर्यटकांच्या. त्या बघून माल भरू नका, भांडवल कपाटात झोपेल.

आता चेनचा नंबर. 428 मधला पहिला आकडा म्हणजे दोन पिनांमधलं अंतर, इंचाच्या आठव्या भागात मोजलेलं. 4 म्हणजे अर्धा इंच, 12.7 मिमी. 520 मध्ये तेच 5, म्हणजे 15.875 मिमी. पुढचे दोन आकडे आतल्या रुंदीचे. स्प्लेंडर, शाइन, प्लॅटिना अशा गाड्यांना 428 लागते. केटीएम 390 ड्यूकसारख्या गाडीला 520. एका नंबरची चेन दुसऱ्याच्या स्पॉकेटवर बसत नाही, त्यामुळे नंबरात अंदाज चालत नाही. जुन्या चेनच्या पट्टीवर नंबर कोरलेला असतो. पुसून वाचा.

428 च्या पुढे एच असेल तर पट्ट्या जाड. कॅनवाला, पोतीवाला, चढावरच्या पाड्यात राहणारा, यांना मी एच देईन. एकटा माणूस रोज मुरबाडला जाऊन येतो, त्याला कंपनीने जी दिली तीच पुरे.

ओ-रिंग चेन महाग असते आणि तिच्यात मार्जिनही बरं मिळतं, म्हणून नवीन दुकानदार ती सगळ्यांच्या गळ्यात मारतो. थांबा. तिच्यात पट्ट्यांच्या मध्ये रबराच्या बारीक रिंगा असतात. पिनेजवळचं ग्रीस आत राहतं, चिखल-पाणी बाहेर. आपल्याकडच्या पावसात हा मोठा फायदा. पण रिंगांमुळे चेन रुंद होते. स्प्लेंडरसारख्या बंद चेन कव्हरच्या गाडीत ती कुठे घासते का, हे बसवताना बघावं लागतं. शिवाय त्या गाडीत कव्हर चिखल बऱ्यापैकी अडवतंच, तिथे साधी चांगली चेन आणि वेळेवर तेल पुरतं. चेन उघडी असलेल्या गाडीला मात्र ओ-रिंग जरूर सुचवा. देताना सांगा की पेट्रोलने धुवायची नाही, रबर खराब होतं. रॉकेलने पुसा, 90 नंबरचं गिअर ऑइल लावा. तिच्या लॉकबरोबर छोट्या रिंगा येतात. त्या बसवायच्या राहिल्या तर ओ-रिंगचे पैसे घेऊन साधं लॉक दिल्यासारखं झालं.

आता सगळ्यात महाग चूक. नवीन चेन जुनीला लावून मापायची आणि तोडायची. चेन वापरून ‘वाढते’ म्हणतो आपण, पण पट्टी लांबत नाही. पिना आणि बुश झिजून प्रत्येक जोडात फट पडते. नवीन 428 चे 20 लिंक 254 मिमी भरतात. तेच ताणून धरल्यावर 259 च्या आसपास गेले, म्हणजे सुमारे 2 टक्के, की चेन संपली. हिशोब करा: 100 लिंकच्या चेनमध्ये 2 टक्के म्हणजे बरोबर दोन लिंक! जुन्या चेनच्या लांबीवर नवीन तोडली तर ती दोन लिंक जास्त राहते, अ‍ॅडजस्टर पहिल्याच दिवशी मागे सरकलेला असतो आणि चेन ओढायला पुढे जागाच राहत नाही. गिऱ्हाईक म्हणणार, माल हलका दिला. म्हणून लिंक मोजायच्या, लांबी नाही.

‘फक्त चेन टाका, स्पॉकेट चालतंय’ हे रोज ऐकाल. मागच्या स्पॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर त्याला तिथेच दाखवा. दात आकड्यासारखे वाकले असतील तर त्यावर नवीन चेन लवकर खराब होते. समजा चेन 500 ची आणि सेट 1,000 चा. 500 ची चेन निम्म्या वेळात गेली तर वर्षाचा खर्च तोच, वर दुसऱ्यांदा मजुरी. हे वहीत लिहून दाखवा, माणसाला पटतं. तरीही तो नुसती चेनच मागत असेल तर बिलावर ‘स्पॉकेट जुने’ लिहा. वाद टळतो.

बसवताना दोन गोष्टी. क्लिपचं बंद तोंड चेन पळते त्या दिशेला हवं. उलटं बसलं आणि घाटात लॉक निसटलं तर माणूस पडू शकतो. दुसरं, झोल. या गाड्यांना साधारण 25 ते 30 मिमी, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. दूधवाल्याची चेन कधीच कडक करू नका. कॅन लादल्यावर ती आणखी ताणते, मग बेअरिंगवर जोर येतो.

ब्रँड फार लागत नाहीत. कोइमतूरची रोलॉन, चेन्नईची डायमंड, आणि गाडीच्या कंपनीचा ओरिजिनल सेट. माल ओळखीच्या ठोक दुकानातून, पक्क्या बिलानेच. डुप्लिकेट डबे बाजारात फिरतात.

सुरुवातीला 428 आणि 428 एच, नाक्यावरच्या वहीत सगळ्यात जास्त आलेल्या तीन गाड्यांचे सेट, आणि तेल. 520 ची पूर्ण चेन नको, फक्त दोन-तीन लॉक आणि एक चेन कटर ठेवा. रविवारी पावसात माळशेजहून परतणाऱ्याची चेन तुटली तर तेवढ्यावर तो हळूहळू मुरबाड गाठतो.