मलाशय : शौचाची सूचना देणारा अवयव

शेळीच्या लेंड्या कोरड्या आणि गाईचे शेण ओले असते, कारण शेळीच्या मोठ्या आतड्यात मलातील पाणी अधिक शोषले जाते. कोंबडीचे मलाशय आखूड असून ते अवस्कर नावाच्या पोकळीत उघडते. विष्ठा, मूत्र व अंडे या तिन्हींना बाहेर पडण्यास एकच वाट असते. बहुतेक सस्तन प्राण्यांत, आणि अर्थातच माणसातही, मलाची वाट स्वतंत्र असते. मोठ्या आतड्याचा गुदमार्गाला लागून असलेला अखेरचा भाग म्हणजे मलाशय.

माणसाचे मलाशय सुमारे १२ ते १५ सेंटिमीटर लांब असते. नावात 'आशय' असला तरी ते कायमचे कोठार नव्हे. एरवी ते बहुधा रिकामेच असते. मल उतरला की त्याची भिंत ताणली जाते व मेंदूकडे सूचना जाते. गुदद्वाराचा आतील स्नायू आपोआप सैल होतो. बाहेरील स्नायू मात्र आपल्या ताब्यात असतो. म्हणूनच शौचाचा वेग थोडा वेळ आवरता येतो. परंतु तो वारंवार दाबल्यास साचलेल्या मलातील पाणी शोषले जाऊन तो कठीण होतो आणि हळूहळू मलाशयाची जाणीवच बोथट होते. चरकसंहितेत वेग न अडवण्याविषयी स्वतंत्र अध्याय आहे, तो उगाच नव्हे.

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांत पाळीने काम करणाऱ्यांची जेवणाची व शौचाची वेळ पाळीबरोबर बदलते. जेवणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल वाढते. म्हणून पाळी कोणतीही असो, उठल्यानंतरच्या पहिल्या खाण्यानंतर शौचासाठी निवांत वेळ ठेवावा. उकिडवे बसल्याने मलाशयाचा मार्ग सरळ होतो. कमोड असल्यास पायांखाली ठेंगणा पाट घ्यावा. कुंथू नये.

शौचावाटे रक्त गेल्यास 'मूळव्याधच असेल' असे घरी ठरवू नये. मलाशयाच्या कर्करोगातही रक्त जाते, आणि तो लवकर ओळखल्यास उपचारांना यश येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, पोट साफ न झाल्याची सतत भावना, विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. डॉक्टर हातमोजा घालून बोटाने मलाशय तपासतात. त्यास एखादे मिनिट लागते. लाजेपोटी महिनोन्‌महिने गप्प राहिलेले रुग्ण आम्हा परिचारिकांना नवे नाहीत. पुष्कळ रक्तस्राव, चक्कर किंवा डांबरासारखे काळे शौच झाल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.

येथील रुग्णालयात तमिळ येत नसल्याने अडू नये. मलाशयास 'मलक्कुडल', बद्धकोष्ठास 'मलच्चिक्कल' आणि रक्तास 'रत्तम' म्हणतात.