प्रार्थनेला हात जोडलेच पाहिजेत का?

प्रश्न : मी पेडण्याची, हिंदू. डिचोलीत चर्चच्या अनुदानित शाळेत शिकवते. सकाळच्या प्रार्थनेला हात जोडावेच लागतील, असं मुख्याध्यापिका म्हणतात. नकार दिला तर?

उत्तर : देऊ शकता. प्रार्थनेला हात न जोडल्याबद्दल वेतनवाढ अडवलेल्या नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाजूने मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली निकाल दिला. अशी सक्ती मूलभूत हक्कांविरुद्ध ठरवली. गोव्याचं खंडपीठ त्याच न्यायालयाचं. राज्यघटनेच्या कलम ३० मुळे शाळा चालवण्याचा हक्क संस्थेचा, प्रार्थना कोणती हेही तीच ठरवील. पण ती तुमच्याकडून म्हणवून घेणं निराळं. त्या वेळी मुलांच्या रांगेवर लक्ष ठेवणं मात्र तुमचं कामच आहे. फेस्ताच्या पताका लावायला सांगितलं, तर माझ्या मते ताणू नका. आधी बाईंशी बोला. नाही जमलं तर लेखी द्या आणि पोच घ्या.