सव्वादोनांचा भागाकार : शाब्दिक उदाहरण आणि मराठी भाषा

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांच्या भागाकाराची रीत थोडक्यात सांगता येते. भाज्य व भाजक यांना अंशाधिक अपूर्णांकाचे रूप द्यावे, भाजकाच्या अंश-छेदांची अदलाबदल करावी आणि गुणाकार करावा. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) अंश-छेदांच्या अदलाबदलीचा हाच नियम आहे. पाचांना २ १/३ ने भागण्याचे उदाहरणही तेथे आहे. त्याचे उत्तर १५/७, म्हणजे २ १/७ येते. रीत इतकी सुगम असूनही शाब्दिक उदाहरणात चूक होते, ती पुष्कळदा वाक्याचा अर्थ लावताना. या दृष्टीने हा विषय भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

'लीलावती'त पूर्णांकात भाग मिळविणे तो 'भागानुबंध' आणि पूर्णांकातून भाग वजा करणे तो 'भागापवाह' असे दोन प्रकार मानले आहेत. मराठीच्या संख्यावाचकांत हे दोन्ही जिवंत आहेत. 'सव्वा' (सपाद) आणि 'साडे' (सार्ध) ही पहिल्या प्रकारची, तर 'पाऊण' व 'पावणे' (पादोन) ही दुसऱ्या प्रकारची रूपे होत. 'अडीच' हा शब्द 'अर्धतृतीय' यापासून आला. तिसरा अर्धा, असा त्याचा मूलार्थ. हिंदीतील सवा, डेढ, ढाई, पौने ही याच कुळातील भावंडे. 'पावणेतीन' उच्चारताना तिनांतून पाव वजा होतो, लिहिताना मात्र २ ३/४ असा दोहोंत पाऊण मिळवावा लागतो. उदाहरण सोडविण्याची पहिली पायरी म्हणजे हे भाषांतर होय.

दुसरी पायरी अधिक सूक्ष्म आहे. पुढील दोन प्रश्न पाहावेत.

(१) साडेसात हात कापडातून सव्वादोन-सव्वादोन हातांचे तुकडे कापले, तर पूर्ण तुकडे किती व कापड किती उरेल?

(२) साडेसात हात कापडास सव्वादोन रुपये पडले, तर रुपयास किती हात कापड मिळाले?

दोहोंत क्रिया एकच :

७ १/२ ÷ २ १/४ = १५/२ × ४/९ = १०/३ = ३ १/३

परंतु अर्थ भिन्न आहेत. दुसऱ्या प्रश्नात १/३ हा हाताचा तिसरा हिस्सा होय. पहिल्यात तो तुकड्याचा तिसरा हिस्सा होय. म्हणून पूर्ण तुकडे तीन आणि उरलेले कापड सव्वादोन हातांचा तृतीयांश, म्हणजे पाऊण हात. 'एक तृतीयांश हात उरला' हे उत्तर येथे चुकीचे ठरते. ताळा पाहता तीन तुकड्यांना पावणेसात हात लागतात. साडेसातांतून ते वजा जाता पाऊणच उरतो.

हा भेद मराठी व्याकरणच दाखवून देते. 'सव्वादोन-सव्वादोन' ही द्विरुक्ती मापून वेगळे करण्याची खूण आहे. 'रुपयास' ही विभक्ती दर सांगते. द्विरुक्ती दिसली की अपूर्णांक भाजकाचा, दर दिसला की भाज्याच्या मापाचा, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे उत्तराचे एकक चुकत नाही.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि पुढे मेट्रिक मापे रूढ झाली. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे शाळांतून मागे पडले. शब्द मात्र बोलण्यात टिकून आहेत. शाब्दिक उदाहरण शिकविताना आकडेमोडीपूर्वी त्या शब्दांचा अर्थ उलगडला, तर भागाकाराची रीत समजून वापरली जाईल.